धुऱ्याखालचा सैनिक

चंद्रभानच्या शेतात सैनिक निघाला, ही गोष्ट गावात कोणाला खरी वाटली नसती, म्हणून त्याने ती कोणाला सांगितलीच नाही. तसं सांगायला होतं तरी कोण? बायको वच्छला गेल्याला दोन वर्षं झाली होती. मुलगी उज्वला पुण्याला. तिचा फोन रविवारी यायचा आणि "बाबा, जेवले का, गोळी घेतली का" एवढ्यावर आटपायचा. धाकटा भाऊ बापूराव शेजारच्याच शेतात राबायचा, हाकेच्या अंतरावर. पण हाक मारण्याइतकं नातं दोघांत उरलं नव्हतं.

भांडण धुऱ्याचं. दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून ह्या जिल्ह्यात जेवढी डोकी फुटली असतील तेवढे देवळात नारळही फुटले नसतील. बापूने एका उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून नांगरणी केली आणि धुरा दोन हात इकडे सरकला. बापूचं म्हणणं, सरकला नाही, पहिल्यापासून तिथेच होता. मोजणी झाली, मोजणीवाल्याने केलेली खूण दोघांनाही पटली नाही, आणि तेव्हापासून बोलणं बंद. दोन हात जमिनीत मेथीचा एक वाफाही धड बसला नसता. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की वाफ्यांचा हिशेब कोण करतो! वच्छला गेली तेव्हा बापू घाटावर आला, खांदा दिला, आणि एक शब्द न बोलता परत गेला. चंद्रभानला ते फार लागलं. आपणही काही बोललो नव्हतो, हे मात्र त्याला कधी आठवत नसे.

श्रावण सरत आला होता आणि पाऊस दोन दिवस उघडला होता. दोडक्याच्या मांडवासाठी बांबू रोवायचे म्हणून चंद्रभान धुऱ्याच्या कडेने लोखंडी सब्बलीने खड्डे घेत होता. पवनारच्या बाजूला, धाम नदीच्या काठाने शेत खणलं की जुन्या रुंद विटा निघतातच. शेतकरी शिव्या घालतात आणि त्या धुऱ्यावर फेकतात. त्यामुळे सब्बल खणकन वाजली तेव्हा त्याला वाटलं, आणखी एक वीट. माती बाजूला केली तर तांब्याची ढाल निघाली, हिरवी पडलेली. ढाल उचलली तर खाली माणूस.

तो माणूस माती झटकत उठून बसला. कमरेला चामड्याचा पट्टा, हातात भाला, केसांत गांडुळं. त्याने डोळे चोळले, चंद्रभानकडे पाहिलं आणि विचारलं, "शत्रू कुठवर आला?"

शहाणा माणूस तिथून पळत सुटला असता. पण चंद्रभानला रविवारपासून कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. तो म्हणाला, "पानी पेता का?"

सैनिक कोणती भाषा बोलत होता आणि ती चंद्रभानला कशी कळली, हे मला विचारू नका. दोघांनाही बोलायचं होतं, एवढं खरं. बोलायचंच असेल तर भाषा आडवी येत नाही. बापू आणि चंद्रभान तर एकाच आईच्या मांडीवर बोलायला शिकले होते, त्याचा काय उपयोग झाला?

सैनिकाचं नाव सोमिल. तो कोण्या राजाच्या पायदळात होता. राजाचं नाव त्याने सांगितलं, पण ते लांबलचक होतं, चंद्रभानच्या लक्षात राहिलं नाही. सेनापतीने त्याला ह्या काठावर उभं केलं होतं. युद्ध संपल्याचा शब्द घेऊन माणूस येईल, तोवर जागा सोडायची नाही, अशी आज्ञा होती. माणूस आलाच नाही. सोमिल उभा राहिला, मग बसला, मग आडवा झाला, मग त्याच्यावर माती आली.

"शब्द मिळाला की मी मोकळा," सोमिल म्हणाला. "मग मला इथे राहताच येणार नाही. माती होईन. एवढ्या एका शब्दासाठी अडकलो आहे. तुम्हाला ठाऊक असेल. संपलं का युद्ध?"

उत्तर चंद्रभानच्या ओठांवर होतं. राजे गेले, इंग्रज येऊन गेले, आता तर पवनारवरून नागपूरला गाड्या धावतात. कुठलं युद्ध घेऊन बसलात? पण ते बोलण्याआधी त्याला पुढचं सगळं दिसलं. आपण शब्द देणार, हा इथल्या इथे विरून जाणार. आपण उरलेले खड्डे घेणार, सायकल ढकलत घरी जाणार, एका माणसाचा भात लावणार आणि टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवणार, म्हणजे घरात कोणी बोलतंय असं वाटावं. त्याने सब्बल जमिनीत रोवली.

"नाई," तो म्हणाला. "चालूच हाये अजून."

सोमिलने मान हलवली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही, नवलही वाटलं नाही. त्याने ढाल पाठीवर टाकली आणि विचारलं, "मग आता आज्ञा काय?"

"आता? हा बांबू धरा तिकून."

तेव्हापासून चंद्रभानचे दिवस बरे जाऊ लागले, हे मान्य करायला हवं. सोमिलला निंदणं यायला वेळ लागला, त्याने पहिल्या दिवशी गवत ठेवलं आणि पालक उपटला. पण मांडव त्याने असा बांधला की वाऱ्याची काय बिशाद. जेवायला तो बसे, खात नसे. खाण्याची सवय मोडली म्हणे. मात्र सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी नाकाशी धरून तो बराच वेळ बसून राही. त्याच्या घराच्या मागेही सांबार होता. चंद्रभान त्याला वच्छलाबद्दल सांगायचा, ती वांग्याच्या भाजीत जवस कुटून घालायची ते, आणि शेवटी दवाखान्यात तिने त्याचा हात कसा धरला होता ते. हे त्याने उज्वलालाही सांगितलं नव्हतं. सोमिल ऐकून घेई. त्याच्या पाठीमागे, दोन पावलं अंतर ठेवून, तो शेतभर चालत राही, आणि मागे कोणाची तरी चाहूल आहे एवढ्यानेच चंद्रभानची कंबर दुखायची थांबली.

तो दुसऱ्या कोणाला दिसत नव्हता. भाजी वर्ध्याच्या बाजारात नेणारा अनुप ऑटो घेऊन यायचा, तो सोमिलच्या आरपार पाहून म्हणाला, "काका, एकटेच लय हासून राह्यले हो आजकाल."

"काऊन, हासाले परवानगी लागते का?" चंद्रभान म्हणाला, आणि वांग्यांचं पोतं ऑटोत टाकलं.

रोज सकाळी मात्र तोच प्रश्न यायचा. संपलं का? चंद्रभान नाही म्हणायचा. पहिले काही दिवस ते म्हणताना त्याची जीभ अडखळली. मग त्याने एक तोड काढली. त्याने मोबाईलवर बातम्या लावल्या आणि सोमिलपुढे धरल्या. कुठल्या तरी दूरच्या देशातलं शहर, आकाशातून येणारी क्षेपणास्त्रं, पडलेल्या इमारती, धूर, आणि सूटबूट घातलेला एक माणूस ठासून बोलत होता.

सोमिलने सगळं नीट पाहिलं. आगीचे बाण पाहून तो दचकला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मारणाऱ्याला समोरचा दिसत नाही?"

"नाई. लय लांब असते तो."

"मग मेला हे कळतं कसं?"

"बातम्यांत सांगते."

"आम्हाला दिसायचा," सोमिल म्हणाला. "पलीकडच्या काठावर त्यांचा तळ होता. ते गाणं म्हणायचे, त्याची पुढची ओळ आम्हाला यायची. आम्ही इकडून म्हणायचो. मग दिवस उजाडला की एकमेकांना मारायचो. मला वाटायचं, एकमेकांचं गाणं येत असून हे असं का? आता कळलं, गाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. माणूस गातोही आणि मारतोही."

"पण भांडन कायचं होतं?"

"आम्हाला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणे पाण्यावरून, कोणी म्हणे राजाच्या बहिणीवरून. पुढे पुढे विचारायचंही राहून गेलं."

चंद्रभानने मोबाईल खिशात टाकला. त्याचं मन हलकं झालं होतं. युद्ध चालूच आहे म्हणजे आपण काही खोटं बोललो नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. कुठे ना कुठे ते चालू असतंच.

पण सैनिकाला नुसतं युद्ध पुरत नाही, त्याला शत्रू लागतो. सोमिल विचारू लागला, तो कुठे आहे, किती लांब, कोणत्या दिशेला. चंद्रभान कधी उत्तरेला बोट दाखवी, कधी नदीकडे. एका दुपारी बापू आपल्या शेतातून धुऱ्यापर्यंत आला, इकडे पाहून थबकला, आणि चंद्रभानने वर पाहताच तोंड फिरवून परत गेला. चंद्रभानचा जबडा आवळला. सोमिलने ते पाहिलं.

"हाच का तो?"

चंद्रभानला हसून सोडून देता आलं असतं. त्याऐवजी त्याने धुऱ्याची सगळी कथा सांगितली. ट्रॅक्टर, दोन हात, मोजणी, घाटावरचं मौन. गावात ही कथा त्याने ज्याला ज्याला सांगितली होती, त्या प्रत्येकाने शेवटी मान वाकडी करून म्हटलं होतं, भाऊ, थोडं तुमचंही चुकलंच. सोमिल तसं काही म्हणाला नाही.

"त्याने सीमा सरकवली," सोमिल म्हणाला. "म्हणजे शत्रूच."

चंद्रभानला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पूर्णपणे त्याच्या बाजूने होतं. त्याने मान हलवली. तो बोलला काही नाही, पण सैनिकाला तेवढं पुरलं.

दोन दिवसांनी बापूच्या शेतात तुषार सिंचनाचे पाइप फुटले. ओळीतल्या एकेका पाइपाला गोल भोक, आणि पाणी भलतीकडेच उडत होतं. बापू मोटर बंद करायला पळाला, चिखलात घसरला, उठून पुन्हा पळाला. सोमिल भाल्याचं टोक गवताला पुसत धुरा ओलांडून आला. चंद्रभान पोट धरून हसला. मग बापू चिखलातच मांडी घालून बसला आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पाइपाला गुंडाळू लागला. तो पट्टी दातांत धरून ताणत होता, बाप धरायचा तशी. त्याचे केस मागून पार पांढरे झाले होते. हे कधी झालं ते चंद्रभानला कळलं नव्हतं. त्याचं हसू गेलं.

"बस झालं आता," तो सोमिलला म्हणाला. "इतकं पुरे."

"बस असं युद्धात नसतं," सोमिल म्हणाला. "चालू म्हणा, नाहीतर संपलं म्हणा."

संपलं म्हणायला चंद्रभानने तोंड उघडलं होतं. पण सांजेचं ऊन उतरत होतं आणि घरी जायची वेळ झाली होती. सोमिल गावाच्या वेशीपर्यंत सोबत यायचा. चंद्रभानने तोंड मिटलं आणि सायकल घेतली.

दसरा जवळ आला. आमच्या गावात दसऱ्याला सोनं द्यायचं ते धाकट्याने मोठ्याला. धाकटा आपट्याची पानं घेऊन मोठ्याच्या घरी जातो, पाया पडतो. मोठा आपला ओसरीवर बसून राहतो. मोठ्याने धाकट्याकडे जायची रीत नाही. भांडण झाल्यापासून दर दसऱ्याला चंद्रभान धुतलेलं धोतर नेसून, दार उघडं टाकून बसायचा. बापू समोरच्या रस्त्याने जायचा, गावातल्या म्हाताऱ्या वासुदेवरावांकडे पानं द्यायचा आणि तसाच परत जायचा. वच्छला होती तोवर ती दार लावून घ्यायची. नंतर ते त्यालाच लावावं लागलं.

दसऱ्याच्या सकाळी चंद्रभान शेतात आला तेव्हा सोमिल धुऱ्यावर उभा होता. भाला दगडावर घासून लखलखीत केलेला, ढालीवरचा हिरवा रंग निघून तांबं वर आलेलं. पलीकडे बापू एकटाच होता. त्याने ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला होता, विळा, कुदळ, फवारणीचा पंप ओळीने मांडले होते, आणि पाठ इकडे करून, वाकून तो कुंकू लावत होता.

"आज सीमोल्लंघन," सोमिल म्हणाला. "सैन्य आज निघतं. शत्रू शस्त्रांची पूजा करतो आहे, म्हणजे तोही निघणार. त्याच्या आधी मला गेलं पाहिजे."

"अहो, ते विळे-कुदळी हायेत," चंद्रभान म्हणाला.

"भालाही आधी काठीच असतो." सोमिलने भाला खांद्याशी तोलला. बापूची वाकलेली पाठ वीस-पंचवीस पावलांवर होती. सदऱ्याच्या आतून मणके दिसत होते. "आज्ञा?"

नको म्हणून चालणार नव्हतं, थांब म्हणूनही नाही, हे चंद्रभानला कळलं होतं. एकच शब्द होता, आणि तो दिला की ह्या मेल्या शेतात पुन्हा आपण आणि आपली सावली. त्या क्षणीसुद्धा, भाऊ भाल्याच्या टप्प्यात असताना, त्याने क्षणभर विचार केला. मग तो ओरडला, "संपलं! संपलं युद्ध!"

भाला खाली आला. सोमिल हळूहळू वळला.

"कधी?"

"लय दिवस झाले. लय म्हंजे लयच. तुमचा राजा गेला, त्याच्यामांगं कितीक आले न् गेले. कोनी उरलं नाई."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"मले पहिल्या दिवशीच माहीत होतं."

सोमिलच्या तोंडावर राग आला नाही. राग आला असता तर चंद्रभानला सोपं गेलं असतं. "मंग सांगतलं काऊन नाई?" त्याने विचारलं. इतके दिवस चंद्रभानसोबत राहून तो तसाच बोलू लागला होता.

चंद्रभानने मान खाली घातली. "मले एकट्याले करमत नोयतं," तो म्हणाला.

सोमिलने पलीकडे वाकलेल्या बापूकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, जिथे कधीकाळी गाणं म्हणणाऱ्यांचा तळ होता तिकडे पाहिलं.

"आमच्या राजालेबी करमत नसन," तो म्हणाला.

मग त्याने भाला धुऱ्यावर आडवा ठेवला, वर ढाल ठेवली, आणि ज्या खड्ड्यातून निघाला होता तिथे जाऊन बसला. चंद्रभानने त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा हाताला ओली माती लागली. भालाही गेला, ढालही गेली.

ओरडणं ऐकून बापू धुऱ्याजवळ आला होता. भाऊ गुडघ्यांवर बसून मातीत हात घालून रडतो आहे, हे त्याने पाहिलं. तो घुटमळला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"दादा, कोनासंग बोलत होते?"

"कोनी नाई," चंद्रभान म्हणाला. "गेला."

बापूने डोक्यावरचा रुमाल काढला, हातात पिळला. "वहिनी गेल्यापासून बायको माह्या मांगं लागली होती. दादा एकटे हायेत, जा म्हने, दोन शब्द बोला. दोन-तीन डाव आलतो मी ह्या धुऱ्यापरेंत. तुमी हासत होते, बोलत होते कोनासंग तरी. मले वाटलं, सोबत भेटली दादाले. मंग म्हटलं, आता आपली काय गरज. फिरून गेलो."

ज्या दुपारी बापू इथवर येऊन थबकला होता, ती दुपार चंद्रभानला आठवली. त्याने तेव्हा काय केलं होतं, तेही आठवलं. ह्या माणसाच्या पाठीत भाला जाणार होता, आणि हा आपल्याशी बोलायला आला होता. काय सांगणार, आणि कोण विश्वास ठेवणार?

"येऊ का सांजच्याले, सोनं घेऊन?" बापूने विचारलं. आवाज परक्याकडे काही मागायला आल्यासारखा होता.

"नोको," चंद्रभान म्हणाला. बापूचा चेहरा पडला. तसा चंद्रभान घाईने पुढे म्हणाला, "तू नोको येऊ. मी येतो तुह्याकडं."

"तुमी मोठे हा, दादा. लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

बापू पूजा अर्धी राहिली म्हणून परत गेला. चंद्रभान तिथेच बसला. वच्छला गेली तेव्हा लोक जमले होते, रडायलाही सोबत होती. सोमिलसाठी रडायला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि कोणाला सांगूनही चाललं नसतं. उन्हं तापली तशी त्याने खड्ड्यात माती लोटली, ती पायाने दाबली नाही, हातानेच सारखी केली.

सांजेला त्याने धुतलेलं धोतर नेसलं. गावातल्या रस्त्याने बापूचं घर चार पावलांवर होतं. पण तो पानं घेऊन उलटा शेताकडे निघाला, शेतातून धुरा ओलांडून पलीकडच्या वाटेने बापूकडे जायचं म्हणून. रस्त्यात अनुप भेटला, हा इकडे कुठे, म्हणून बघत राहिला. चंद्रभान शेतात आला, दोडक्याच्या मांडवाखालून गेला, आणि धुऱ्यावर चढला.

तिथे त्याची पावलं आपोआप थांबली. मागचा माणूस दोन पावलं मागे असतो, त्याला चढायला वेळ लागतो, म्हणून तो उभा राहिला. मांडवातून वारा गेला. थोड्या वेळाने त्याने मागे न बघताच पाय उचलला आणि एकटाच पलीकडे उतरला.